देव पाण्यात

“देवा, घाई नको. आणखी महिनाभर कळ काढ,” गाभाऱ्यात पहिली घागर ओतताना धान्याचे व्यापारी बसवणप्पा पुटपुटले. पिंड बुडेपर्यंत पाणी भरले, की गुदमरलेला महादेव पाऊस पाडतो, अशी गावाची रीत. इकडे अप्पांचे गोदाम ज्वारीने छतापर्यंत भरलेले आणि दुष्काळामुळे तिचा भाव रोज चढता.

दुपारी पिंड दिसेनाशी झाली आणि अप्पांचा धीर सुटला. देवाने ऐकलेच, तर भाव कोसळेल! त्यांनी सगळी ज्वारी मोंढ्यात विकायला काढली. अप्पा विकताहेत म्हणजे पाऊस नक्की, असे ताडून इतर व्यापाऱ्यांनीही गोदामे उघडली. संध्याकाळी ज्वारी निम्म्या भावाने गेली.

“देव पावला गं बाई!” पिशव्या भरताना बाया म्हणाल्या.

आभाळात मात्र ढगाचा ठिपकाही नव्हता. म्हणजे उद्या भाव पुन्हा चढणार, आणि गोदाम तर रिकामे! अप्पा दोन घागरी घेऊन धापा टाकत देवळात पोहोचले.

“अवो, पिंड कवाच बुडाली,” दारातून पत्नी गंगव्वा म्हणाली.

“मग कळस बुडंपर्यंत ओततो की!”