शिवणकामाची कमाई

“या वर्षी शिवणकाम लिहू नका, काका.”

सावळीराम बोरस्त्यांची बोटं कीबोर्डवर थांबली. समोर रोहिणी बसली होती. इतक्या वर्षांत ती या खुर्चीत पहिल्यांदाच बसत होती. आजवर तिथे तिचे यजमान कुंदनशेठ बसायचे आणि ती बाहेरच्या बाकावर. घटस्फोटाला आता चार महिने झाले होते. सकाळीच कुंदन येऊन आपलं इन्कमटॅक्सचं रिटर्न भरून गेला होता. जाताना म्हणाला, “तिचं ती बघेल.” नवराबायकोच्या दोन्ही फाइली कायम एकाच नाडीने बांधलेल्या असायच्या. ती नाडी सोडताना बोरस्त्यांना हिला हाक काय मारावी तेच कळेना. वहिनी म्हणायची सोय उरली नव्हती.

“मी नोकरी धरलीय,” ती म्हणाली. “इथंच, इंदिरानगरात, पोळीभाजी केंद्रात. महिन्याला अकरा हजार. तेवढंच लिहा. पोटगीचं अपील करायचंय. वकील म्हणाले, त्याला खरं रिटर्न जोडा.”

‘खरं’ हा शब्द बोरस्त्यांना झोंबला. सहा वर्षं त्यांनी रोहिणीच्या नावावर शिवणकामाचं उत्पन्न दाखवलं होतं, कधी साडेचार लाख, कधी पावणेपाच. तिच्या घरात शिलाई मशीन सोडाच, धड कात्री नव्हती. पैसा सगळा कुंदनच्या हार्डवेअरच्या दुकानाचा. युक्ती मात्र बोरस्त्यांची.

“वहिनींच्या नावावर पाच लाखांच्या आत टाका, कर शून्य,” त्यांनीच सुचवलं होतं.

“अहो, तिला सुईत दोरा ओवता येत नाही,” कुंदन म्हणाला होता.

“मग? इन्कमटॅक्सवाले काय ब्लाउजाचं माप द्यायला येणार आहेत?”

दोघं पोट धरून हसले होते. बोरस्त्यांच्या कपाटात अशा पंधरा-वीस वहिनी होत्या. कोणी शिवणकाम करत होती, कोणी शिकवण्या घेत होती, आणि एकीलाही त्याचा पत्ता नव्हता. यात कोणाचं वाईट होतंय असं त्यांना कधी वाटलंच नाही. गेल्या वर्षी कुंदनने बायकोच्या सहाही रिटर्नच्या प्रती मागितल्या, तेव्हा बँकेला हव्या असतील म्हणून त्यांनी कारणसुद्धा विचारलं नाही. शिक्के मारून हातावर ठेवल्या. त्या थेट कोर्टात गेल्या.

“जजसाहेबांनी कागद वर धरला,” रोहिणी सांगत होती. “म्हणाले, बाई, तुम्ही तर महिन्याला चाळीस हजार कमावता. शिवणकाम करता ना? मी काहीच बोलले नाही. मग लेकीपुरते, आरोहीपुरते पैसे मंजूर झाले. मला काही नाही.”

इन्कमटॅक्सच्या साइटवरचं तिचं खातं उघडायला ओटीपी लागला आणि तो गेला कुंदनच्या फोनवर. तिचा नंबर बोरस्त्यांनी कधी घातलाच नव्हता. रोहिणीने फोन लावला. “अहो,” एवढं तोंडातून गेलं आणि तिने जीभ चावली. मग घसा खाकरून म्हणाली, “मी रोहिणी बोलतेय. सहा आकडे आलेत, तेवढे सांगा.” तिने ते आकडे मोठ्याने म्हटले, आणि बोरस्त्यांनी मान वर न करता टाइप केले.

अकरा हजारांच्या माणसाचं रिटर्न ते किती. पाच मिनिटांत झालं. रोहिणीने कागद पिशवीत ठेवला, उठली आणि दारापाशी थांबली.

“काका, तुमचं नाव मी कुठंच घेतलं नाही. वकिलांकडेसुद्धा नाही.”

बिचारी! तिला वाटत असणार, हे सगळं नवऱ्याचं कारस्थान, आणि हा म्हातारा आपला सांगितलं ते लिहिणारा. गप्प बसले असते तर निभावून गेलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण साठ वर्षांत बोरस्त्यांना स्वतःची एवढी लाज वाटली नव्हती.

“बस जरा, पोरी,” ते म्हणाले. “ते शिवणकाम कुंदनचं नव्हे. माझ्या डोक्यातून निघालं. अपिलात मी लिहून देतो की ते सगळं खोटं होतं. माझं काय व्हायचं ते होईल.”

आता ही रडेल नाहीतर तोंडावर काहीतरी फेकून मारेल, असं त्यांना वाटलं. यातलं काही झालं नाही. ती नुसती खुर्चीत बसली. तिचा चेहरा पडला होता.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “त्या दिवशी मी बाहेर होते. दार उघडंच होतं. तुम्ही दोघं हसत होतात.”

“मग कोर्टात बोलली का नाहीस?”



“त्या घरात मला कुणी दहा रुपयांची किंमत दिली नव्हती, काका. आणि कागदावर माझ्या नावापुढे पावणेपाच लाख! तो कागद घेऊन मी येवल्याला माहेरी गेले. आईला सांगितलं, मी शिवणकाम करते. लेकीच्या घरी राहायचं नाही म्हणून ती कधी आलीच नाही, तिला काय कळणार? गल्लीभर सांगत सुटली. दर दिवाळीला माझ्याकडे ब्लाउजपीस पाठवायला लागली. मी टेलरकडून शिवून घ्यायचे आणि माझं म्हणून पाठवायचे.”

“अगं, पण पोटगीचा प्रश्न होता…”

“जजसाहेबांनी विचारलं, तेव्हा आई माझ्या मागेच बसली होती,” रोहिणी म्हणाली. “मी शिवलेलं ब्लाउज घालून.”