विनोदची गोधडी

विनोद ठाण्याला इमारतीच्या कामावरून पडून गेला. दहाव्यानंतर मुकादमाने त्याची गोधडी सूर्यमाळला घरी पोचवली. त्याची बायको सुनिता तीच पांघरून, तान्ह्या बाळाला कुशीत घेऊन झोपायला लागली. चार दिवसांत बाळाच्या अंगभर गांधी उठल्या. तिने गोधडीची शिवण उसवून पाहिली, तर आत ढेकूण भरले होते.

आरोग्य केंद्राच्या आशाताई बाळाला बघायला आल्या, म्हणाल्या, "फवारायचं औषध घरात आणू नकोस, बाळ फार लहान आहे. उकळतं पाणी ओत आणि उन्हात वाळव."

सुनिताने डोंगराखालच्या विहिरीवरून दोन हंडे पाणी आणलं. उन्हाळ्यात एवढ्यालाच सकाळ संपते. सासऱ्याने, सावळाने, चूल पेटवून ते उकळलं. तिने अंगणातल्या कातळावर गोधडी पसरली आणि पहिला तांब्या भरून घेतला.

सावळा खाली वाकून शिवणीतला एक फुगलेला ढेकूण बघत होता. त्याने तांब्यापुढे हात आडवा धरला.

"थांब गं पोरी. आपला इनोद तर जळून राख झाला. त्याचं रक्त जे काय उरलंय, ते यांच्याच पोटात."

घरात बाळ अंग खाजवत रडायला लागलं होतं.

"आता त्यात बाळाचंबी हाय, मामा," ती म्हणाली.

सावळाने हात मागे घेतला. तिने पाणी ओतलं.