बाउचीचा हात

“मावशी, हात सोडू नका!” जिनेव्रा कुंचला रोखून ओरडली.

“धरलाय की! हात आहे का सुकवलेला मासा, या म्हाताऱ्याचा!” ओर्सोला करवादली. शेजारी बसलेला तिबेरिओ नुसता हसला.

चित्र भिंतभर होतं, एका जुन्या रोमन कथेचं. वेष पालटून आलेल्या देवांना गरीब म्हातारी बाउची आणि तिचा नवरा फिलेमोने हे दोघं घरातलं होतं नव्हतं ते वाढतात, आणि वर मागायला सांगितल्यावर एवढंच मागतात, की मरण आलं तर दोघांना एकदमच येऊ दे. देव रंगवून झाले होते. देवांच्या पायाशी घुसलेलं बदकही झालं होतं. उरले होते ते म्हातारा-म्हातारीचे गुंफलेले हात. त्यासाठी जिनेव्राने गल्लीतलीच दोन माणसं आणून बसवली होती. ओर्सोला विधवा, लोकांचे कपडे धुणारी. तिबेरिओ विधुर, दारूची पिंपं बांधणारा. ओर्सोलाच्या तोंडी लागायची अख्ख्या बोलोन्या शहरात कुणाची छाती नव्हती.

पण ते हात काही पुरे होईनात. संध्याकाळी रंगवलेले हात सकाळी फिसकटलेले दिसायचे. जिनेव्राने मांजराला हाकललं, खिडक्या लावून घेतल्या, मोलकरणीशी भांडण काढलं. तिकडे हे चित्र काढायला सांगणाऱ्या सरदारसाहेबांचा कारभारी दारात ठाण मांडून बसला. आज चित्र मिळालं नाही, तर काम दुसऱ्या चित्रकाराकडे जाणार होतं. बाईमाणसाच्या हाती काम दिलं म्हणून तो आधीच नाक मुरडत होता.

त्या सकाळी जिनेव्रा जरा लवकरच आली. चित्रासमोर तिबेरिओ उभा होता. त्याचा अंगठा ओल्या रंगात होता.

“काका! तुम्ही?”

म्हातारा कानापर्यंत लाल झाला. “चित्र पुरं झाल्यावर ती कशाला माझा हात धरतेय, बाई?”

जिनेव्राला चिडायचं होतं, पण हसूच फुटलं. “आज मात्र पुरं करणार हं काका. नाहीतर माझ्या पोटावर पाय येईल.”

तिबेरिओने मान डोलावली. ओर्सोला आली, पुटपुटत बसली, आणि जिनेव्राने पाण्याचा घोटही न घेता काम केलं. दुपार कलताना तिने कुंचला खाली ठेवला.

“झालं. सोडा आता हात.”

तिबेरिओने बोटं सैल केली. ओर्सोलाने केली नाहीत.

“ओर्सोलाबाई, झालं म्हणतायत त्या.”

“त्यांचं झालं असेल.” तिने पकड आणखी आवळली. “अहो, रोज सकाळी तुमच्या अंगठ्याचा रंग माझ्या हाताला लागतोय. मी बोलले कधी?”