बंडूची जागा

“नाल्याकडच्या भिंतीला नाही पुरायचं,” शैलजा म्हणाली आणि कब्रस्तानाचा नकाशा तिने प्रसन्नच्या हातातून ओढून घेतला.

फाटकाबाहेर गाडीत बंडू माळ्याची पेटी होती. चार वाजता दफन ठरलेलं. साडेतीन होऊन गेले तरी खड्डा नव्हता.

“काहून नाही दीदी?” कमिटीचा सेक्रेटरी प्रसन्न घाम पुसत म्हणाला. “पुढच्या रांगा जुन्या घराण्यांच्या आहेत. हा तर तुमच्याकडे माळी होता.”

“माळी होता म्हणून प्रभूने त्याच्यासाठी अर्धाच जीव दिला का?”

“तसं नाही हो…”

“मग कसं? रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाला एकाच प्याल्यातून पिता ना त्याच्याबरोबर? की त्याची पाळी शेवटी येते म्हणून चालतं?”

“तुम्ही तर झगडाच करून राहिल्या! पुढे जागा आहे कुठं?”

“माझी आहे. आईच्या शेजारी. ती द्या.”

पाद्री आनंद इतका वेळ स्वतःचे बूट बघत उभे होते. त्यांनी मान वर केली. “आणि शैलजाताई, तुम्ही?”

“मी जाईन नाल्याकडे. कमिटीपेक्षा डास बरे.”

शैलजाला नवरा नव्हता, मूल नव्हतं. आईचं करण्यात वय गेलं. तिच्या कबरीशेजारची ती सहा फूट जमीन, आयुष्यात पुढचं म्हणून एवढंच ठरलेलं होतं. पण अठ्ठावीस वर्षं बंडूने त्यांचे गुलाब राखले. बंडू तर आपला घरचाच, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

पाद्रींनी सही केली. प्रसन्नने खोदणाऱ्यांना पुढे पाठवलं.

“उद्या सगळेच पुढची रांग मागतील,” तो पुटपुटला.

“मागू देत. तुम्ही सरका मागे थोडे.”

शैलजाची कानशिलं अजून तापलेली होती. तशीच ती गाडीजवळ गेली. बंडूची मुलगी रोशनी सकाळीच बरगीहून आली होती. पेटीवर हात ठेवून, खाली बघत उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. बिचारीला आभाराचे शब्द सापडत नसतील.

“चल, झालं. माझ्या आईच्या बाजूलाच ठेवायचं तुझ्या बाबूजींना. मानाने.”

“नको दीदी. नाल्याकडेच ठेवा.”

“काहून गं? या लोकांना घाबरू नको तू.”

“त्यांना कोण घाबरतं! बाबूजींनीच सांगून ठेवलं होतं. दीदी भोळ्या आहेत, स्वतःची जागा देऊन टाकतील, तू नाही म्हण.”

“अगं, पण का?”

रोशनीने पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं.

“म्हणाले, मोठ्या बाईंनी जन्मभर मला समोर एकदाही बसू दिलं नाही. आता त्यांच्या बाजूला आडवा कसा पडू?”