चढाचं उदाहरण

सुरतेच्या डिंडोली भागात घरी शिकवणी घेणारे भाईदास गुरुजी धनश्रीला तिसऱ्यांदा सांगत होते, "इंग्रजीत ‘स्टीपन’ म्हणजे चढ आणखी उभा होणं." पाटी तिरकी धरून दाखवली, तरी सपाट शहरात वाढलेली पोर नुसती मान डोलवत होती.

"नंदीबैल झालीस नुसती!" गुरुजी वैतागले. "डोळ्यांनी पाहिलेलं उदाहरण दे."

धनश्रीही चिडली. "खाडीचं पाणी घरात शिरतं म्हणून तुम्ही ओटा उंच केला. रॅम्प मात्र लांबीला तेवढाच ठेवला. झाला की स्टीपन! कुंदनची व्हीलचेअर चढेना, म्हणून तर त्याने शिकवणी सोडली."

गुरुजींचा राग कुठल्या कुठे गेला. "मग मला सांगितलं का नाही?"

"त्याने शपथ घातली होती. म्हणाला, गुरुजी लगेच ओटा फोडतील आणि पाणी पुन्हा त्यांच्या घरात शिरेल."