विक्रमचं पथ्य

"कुणाला खरं वाटायचं न्हाई, पण सात वरसं झाली, ह्या पोरानं मुगाचं कढण आन् भाकर सोडून दुसरं काय खाल्लं न्हाई!"

दौंडच्या वैद्यांच्या ओसरीवर नंबर लावून बसलेल्या बाया सरसावल्या. सोजरबाई बोलायला लागली की मुंगीचा हत्ती होतो, हे कारेगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दौंडला कुणाला ठाऊक असणार?

"पोटचा का?" शेजारच्या साखरबाईनं विचारलं.

"न्हाई. माझ्या सतीशसंगं रांजणगावला कंपनीत हाय. विक्रम. माझ्या लेकीला, मायाला, बहीण मानतो. निस्त्या लसणाच्या वासानं त्याचं डोळं टम्माट्यावानी सुजत्यात."

"तुम्ही बघितलंय?"

"बघंन कशी? मी वास लागूच देत न्हाई!"

बाया खिदळल्या. पण ह्यात सोजरबाईनं पदरचं फार घातलं नव्हतं. विक्रम दारातूनच "जयभीम, मावशी" म्हणायचा, बुद्धाच्या तसबिरीखाली ऐसपैस बसायचा आणि आपला डबा उघडायचा. पाणीही आपल्याच बाटलीतलं. एकदा तिनं कोऱ्या पातेल्यात बिनफोडणीचे मूग शिजवून पुढं ठेवले, तर बिचाऱ्यानं हात जोडले. "भांडं बदललं तरी अंगावर पित्त उठतं, मावशी." कीव येऊन तिलाच त्या दिवशी घास गिळवला नव्हता.

आता रविवारी मायाचं लग्न. बहिणीच्या मांडवातून भाऊ उपाशी जाणार, हे काही तिला सोसवेना. म्हणून पहिली एसटी धरून ती इथवर आली होती.

"वैद्यांनी एखादी पुडी द्यावी," ती म्हणाली. "माझ्या हातचा एक घास त्याच्या पोटात टिकला तरी बास."

"कुठला म्हणायचा हा विक्रम?"

"तुमच्याच बाजूचा की. केडगावच्या मारुतराव पाटलांचा."

साखरबाईनं कपाळाला हात लावला. "मावशी, थापा मारायलाबी काय हद्द! मारुतराव माझा सख्खा भाऊ. परवा माझ्या पोराच्या हळदीला ह्याच विक्रमनं दोन ताटं मटण हाणलं. वर रस्सा प्याला वाटीनं. त्याला कसलं आलंय पथ्य?"

बाया पुन्हा हसल्या.

साखरबाईचं हसू मात्र मध्येच थांबलं. तिनं सोजरबाईकडं नीट निरखून पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं,

"मावशी, तुमचं आडनाव काय?"