भोवऱ्याचा मुखवटा

आपल्या कॉमिकच्या पुढच्या भागात सुपरहिरो भोवरा मुखवटा काढणार, असं पूर्णिमानं टोपणनावानं हौसेनं जाहीर केलं आणि मोबाईलवर वाचकांनी रान उठवलं. 'आत मराठी माणूसच पाहिजे,' कुणी बजावलं. 'बेळगावचा हाय म्हंजे कानडीच,' दुसऱ्यानं ठोकलं. तिसरा म्हणाला, असलं कॉमिक काढणारा पोरगा नक्कीच पुण्याचा.

बेळगावच्या वडगावातल्या विणकराच्या घरात सुताच्या कांड्या भरता भरता एक सून हे सगळं काढते, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. कमेंटमध्ये सगळ्यांत तावातावानं भांडणाऱ्या तिच्या नवऱ्याच्या, नागराजच्याही नव्हतं. त्याला कळलं की तिच्या हातातला फोन जाणार, आणि भोवरा तिथंच संपणार. सकाळपासून तिचं कशात म्हणून चित्त लागेना. तीनदा सूत तुटलं.

तेवढ्यात नवी कमेंट आली. वर ना नाव, ना फोटो.

'आत कोन बी असू दे. मुखवट्याच्या काठावरचं रुईफूल ह्या बारीला उलटं पडलंय, ते आधी सरळ कर.'

पूर्णिमानं चित्र मोठं करून पाहिलं; फूल खरंच उलटं होतं. मुखवट्याला तिनं काठ दिला होता तो घरच्याच मागावरच्या साडीचा. तिनं मान वर केली. समोर सासूचा, जयाबाईंचा माग केव्हाचा थांबला होता.



"मुखवटा काढू नको गं," आपला फोन पदराखाली सारत जयाबाई हळूच म्हणाल्या, "मी तर तुला पयल्याच भागात वळखलंय. मी कुणाला सांगितलं काय?"